दोन रशियन व्हॉल्व्ह आणि राहिलेली सही

भामरे, तुमचा ॲम्प्लिफायर काल मी उघडला. तुम्हाला न विचारता उघडला, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. चोवीस दिवस झाले तुम्हाला जाऊन. जायच्या आधी निरोप द्यावा, निदान एक फोन करावा, असं लिहिणार होते. पण फोन तुम्ही केले होते. एक नाही, तीन. त्याकडे येतेच.

तुम्ही किती चांगले होतात ते बाकीच्यांनी सांगून झालंय. शोकसभेत तर एकाने तुम्हाला ‘अत्यंत शांत स्वभावाचे’ ठरवलं. मी मान खाली घालून बसले, न जाणो हसू यायचं. एका स्क्रूवरून वाद घालत जेवणाचा डबा अर्धा टाकून उठणारा माणूस, आणि म्हणे शांत! वहिनींनी पण माझ्याकडे बघितलं आणि पटकन पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं रडल्या.

ओझरच्या विमान कारखान्यात तुम्ही वायरिंग करायचे आणि मी तपासायची. सव्वीस वर्षं. आपल्या नात्याला काय नाव द्यायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मैत्री म्हणावी तर मी तुम्हाला कधी ‘अरे’ म्हटलं नाही, तुम्ही मला ‘मॅडम’शिवाय हाक मारली नाहीत. तुम्ही काम करून कार्डावर सही करायची, मग मी बघून खाली दुसरी सही करायची, आणि तोवर त्या कामाला वीज दाखवायची नाही. एवढंच होतं. एवढ्यावर सव्वीस वर्षं निघाली आणि रिटायर झाल्यावर वर आठ.

कार्डाच्या तळाला एक रकाना असायचा, विलंबाचं कारण. काम होऊन तीन दिवसांत तपासणी झाली नाही तर तो भरायचा. ‘गर्दी होती’, ‘माणूस कमी’ असलं मोघम मी चालवून घेत नसे. कोणामुळे उशीर झाला ते लिहा, म्हणायची. एकदा तुम्ही सरळ लिहून टाकलंत, ‘मॅडम रजेवर, कोणाला सांगितलं नाही.’ अख्खं वर्कशॉप माझ्याकडे बघत होतं. मी वाचलं, खरं होतं, सही केली. तुम्ही आठवडाभर मिशीत हसत होता.

आणि माझा दुसरा नियम. तोच आत्ता मला नडलाय.

तुम्ही नवे होतात. सटाण्याहून येऊन वर्ष झालं असेल, ‘आहे’ला ‘शे’ म्हणायचे. विमानातल्या वायरींची एक पेटी माझ्यासमोर ठेवून मोठ्या उत्साहाने म्हणालात, “मॅडम, ही लाल वायर नवी टाकली. एकदम बरोबर शे.” मी लाल वायर बघितली, खरोखरच बरोबर होती, आणि सही करून टाकली. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर मनाला काहीतरी टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी पेटी परत उघडायला लावली, तर लाल वायरच्या शेजारीच एक पिन सैल. तुम्ही बोट दाखवलंत तिथेच माझे डोळे गेले होते. तेव्हा मी तुम्हाला सगळ्यांसमोर झापलं. चूक माझी होती, झापलं तुम्हाला. म्हटलं, “यापुढे काय बदललं ते मला सांगायचं नाही. एक शब्द नाही. फक्त म्हणायचं, बघा. मी माझं बघीन.”

त्यानंतर तुम्ही कधी सांगितलं नाहीत. पेटी ठेवायची, दोन पावलं मागे सरायचं, “बघा.” हा शब्द तुमच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकलाय की मोजदाद नाही.

रिटायर झाल्यावर लोक गावी घर बांधतात, नातवंडं खेळवतात. तुम्ही ॲम्प्लिफायरचं किट मागवलंत, जुन्या पद्धतीचं, काचेच्या व्हॉल्व्हचं. आणि ते जोडून गप्प बसतील तर भामरे कसले! महिनाभर ऐकलंत, मग म्हणालात की आवाज गोड आहे पण अंगात दम नाही. किटबरोबर आलेले शेवटचे दोन व्हॉल्व्ह, जे स्पीकरला आवाज पुरवतात, ते काढून तिथे तुम्हाला तुमचे दोन रशियन व्हॉल्व्ह बसवायचे होते.

त्या दोघांची कथा मला पाठ आहे. कारखान्यात आलेला तो रशियन तज्ज्ञ परत निघाला तेव्हा तुम्ही त्याला सटाण्याच्या कांद्याची गोणी दिलीत. आता तो माणूस विमानातून कांदा नेणार होता का? पण तो रडवेला झाला म्हणे, आणि आपल्या घरच्या रेडिओसाठी जपलेले दोन व्हॉल्व्ह त्याने तुमच्या हातावर ठेवले. वहिनींनी ते जुन्या स्वेटरच्या बाहीत गुंडाळून कपाटात टाकले. तीस वर्षं तिथे. दर दिवाळीला कपाट आवरताना वहिनी विचारायच्या, टाकून देऊ का, आणि दर दिवाळीला तुम्ही त्यांच्यावर खेकसायचे.

व्हॉल्व्ह बसतात, हे मलाही मान्य होतं. खालच्या पिना त्याच, जागा तीच. पण व्हॉल्व्हच्या पोटात जी तार तापून लाल व्हावी लागते, तिला किटच्या व्हॉल्व्हमध्ये अर्ध्या अँपिअरच्या आतच भागतं. तुमच्या रशियनांना त्याच्या दुप्पट लागतं. दोघांचं मिळून, वर बाकीच्या छोट्या व्हॉल्व्हचं धरून, दोन अँपिअरच्या पुढे जातं. आणि किटच्या ट्रान्सफॉर्मरवर स्वच्छ लिहिलं होतं, दीड. हे सांगायला मी लागत नव्हते. तुम्हीही ते वाचलं होतंत, पण मन मानायला तयार नव्हतं.

“किटवाले लिहितात त्याच्यावर मार्जिन ठेवतात हो, मॅडम.”

“मार्जिन बनवणाऱ्याचं असतं. वापरणाऱ्याचं नसतं.”

“थोडा गरम होईल. आपण हात लावून बघू.”

“हात लावून बघायला तो काय तापाचा पेशंट आहे? वेगळा ट्रान्सफॉर्मर बसवा. छोटासा. फक्त या दोघांची तार तापवायला.”

“जागा कुठे शे आत?”

“ते तुमचं काम.”

“मॅडम, हे विमान नाही. पडलं तरी टेबलावरून पडेल.”

“मग माझी सही कशाला पाहिजे?”

वहिनी पोह्यांच्या बशा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. मी पर्स उचलली. सही करणार नाही, असं म्हटलं आणि निघाले. पोहे खाल्ले नाहीत. वहिनींच्या हातचे पोहे टाकून येणं हा मूर्खपणा होता, हे रिक्षात बसल्याबसल्याच कळलं होतं. पण परत फिरणं माझ्या स्वभावात नाही, ते तुम्हाला माहीत होतं.

मग तुमचे फोन. पहिला आठवड्याने.

“मॅडम, कधी येताय?”

“केलंत का मी सांगितलं ते?”

“तुम्ही या तर खरं. बघा.”

आता बघा. ‘बघा’ म्हणालात तुम्ही, आणि मी काय ऐकलं? मी ऐकला तुमचा हेका. वाटलं, तिथे गेल्यावर पुन्हा तेच, मार्जिन आणि हात लावून बघू. म्हटलं, सध्या गुडघा धरलाय. दुसऱ्या फोनला म्हटलं, नाशिक रोडवरून तुमच्या अंबडकडे यायचं म्हणजे द्वारकेच्या चौकातच अर्धा दिवस जातो. तिसऱ्याला काय सांगितलं ते आठवत नाही. म्हणजे नक्कीच थाप असणार. गुडघ्याचं तेवढं खरं होतं, पण त्याच गुडघ्याने मी त्या आठवड्यात दोनदा बाजार केला.

खरं कारण सांगते. मला तुमच्याकडून एकदा ऐकायचं होतं, “मॅडम, तुमचं बरोबर होतं.” फोनवर चार शब्द. ते येत नव्हते म्हणून मी फुगून बसले होते. अडुसष्ट वर्षांची बाई, ट्रान्सफॉर्मरवरून रुसलेली! कोणाला सांगण्यासारखं नाही. तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही आता कोणाला बोलणार नाही.

तिसऱ्या फोननंतर नऊ दिवसांनी तुमच्या मुलीचा फोन आला. सकाळी चहा पिता पिता गेलात. डॉक्टर यायच्या आत सगळं झालं होतं. तेव्हाही मी तुमच्याकडे आले, बसले, उठले. ॲम्प्लिफायर टीव्हीशेजारी होता, वर विणलेला रुमाल. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

परवा वहिनींनी फोन केला. “मॅडम, ते मशीन घेऊन जाता का? मुलगी म्हणते मी तिच्याकडे राहायला चलावं. घर आवरायला घेतलंय. ती म्हणते, देऊन टाकू कोणालातरी. व्हॉल्व्ह बदलल्यापासून चालूच झालं नाही ते.”

“चालू झालं नाही? म्हणजे?”

“तुमची सही नाही ना.” वहिनी इतक्या सहज बोलल्या! “मी म्हटलं यांना, अहो, लावा आता बटण, कोण बघतंय. तर म्हणे, मॅडम बघतील.”

काल गेले. द्वारकेच्या चौकात गर्दी नव्हती. बाकी दिवशी असते, काल नव्हती. अर्ध्या तासात तुमच्या दारात होते. वहिनींनी टेबल मोकळं केलं, वर जुनी चादर पसरली, ॲम्प्लिफायर उलटा ठेवला. तुमची टॉर्च आणून दिली. “मॅडम स्वर्गाच्या दारात पण टॉर्च मागतील,” असं तुम्ही सगळ्यांना सांगायचे, ते त्यांनाही ठाऊक होतं. मी चष्मा बदलला, खालचा पत्रा काढला.

आत छोटा ट्रान्सफॉर्मर होता.

कोपऱ्यात, आडवा बसवलेला. जागा नाही म्हणत होता ती जागा तुम्ही एक पट्टी कापून काढली होती. त्यातून निघालेल्या दोन तारा एकमेकींना पीळ घालून रशियनांच्या पिनांपर्यंत नेलेल्या, आणि दर बोटभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याची गाठ, विमानात मारायचो तशी. किटचा मूळ ट्रान्सफॉर्मर आता फक्त छोट्या व्हॉल्व्हची तार तापवत होता. रशियनांच्या जोडीला लागतो तो रेझिस्टरही बदललेला. मी सांगितलं ते सगळं, तंतोतंत. आणि पत्र्याच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाचं कापून केलेलं कार्ड चिकटवलेलं. काम: शेवटचे दोन व्हॉल्व्ह बदलणे. करणारा: तुमची सही. तारीख: आपलं भांडण झालं त्याच्या पाचव्या दिवसाची.

पाचव्या! म्हणजे पहिला फोन केलात तेव्हा काम झालेलं होतं. दुसऱ्या वेळी झालेलं होतं. तिसऱ्या वेळी झालेलं होतं. तुम्ही सांगत नव्हता, कारण सांगायचं नाही, असं मीच तुम्हाला भर वर्कशॉपमध्ये झापून सांगितलं होतं. तीस वर्षांहून जुना नियम. कारखाना सुटला, पगार सुटला, बस सुटली, आणि हा माणूस नियम धरून बसलाय!

मला राग आला तुमचा. खूप. वहिनी समोर नसत्या तर मोठ्याने बोलले असते. अहो, एकदा मोडायचा नियम! म्हणायचं, “या बाई, केलंय तुमच्या मनासारखं.” मी धावत आले असते. मग राग उतरला, आणि खाली जे होतं ते काही बरं नव्हतं. मी चष्मा पुसायचं निमित्त केलं. वहिनी म्हणाल्या, “काही चुकलंय का?”

“थांबा,” म्हटलं, “अजून बघून झालं नाही.”

कारण तपासणी म्हणजे तपासणी. एका गोष्टीकडे डोळे गेले की शेजारची सुटते, हे तुमच्या लाल वायरीने शिकवलंय. मी पहिल्या पिनेपासून सुरुवात केली. एकेक जोड लाकडी काडीने हलवून बघितला. पाऊण तास लागला. आणि उजव्या रशियनाच्या खाली, त्या नव्या रेझिस्टरचा एक पाय हलला. जोडावरचं कथील, सोल्डर, वरून चमकत होतं, पण आत तारेला धरलंच नव्हतं. तुमचा हात असा कधी नव्हता, भामरे. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत होतात ना?

वहिनींना दाखवलं. मी स्वतः सोल्डरिंग करणार नव्हते. जो तपासतो त्याने कामाला हात लावायचा नाही. वहिनींनी वाकून जोड बघितला. मग आत गेल्या आणि तुमची सोल्डरिंग गन नाही, स्वतःची बारीक टोकाची जुनी आयर्न घेऊन आल्या. अंबडच्या त्या लहानशा कारखान्यात त्या बारा वर्षं स्विचच्या वायरी जोडायच्या, हे मी विसरलेच होते.

“म्हटलं होतं यांना, हा एक जोड मी करते,” त्या म्हणाल्या. “तर म्हणे, कार्डावर माझं नाव शे. तुझं कसं चालेल?”

“आता तुमचंही घालू,” मी म्हटलं.

त्यांनी जुनं सोल्डर काढलं, तार घासली, नवं लावलं. दोन सेकंद, आयर्न बाजूला, फुंकर नाही, हात स्थिर. मी काडीने हलवून बघितलं. हललं नाही. करणारा या रकान्यात तुमच्या सहीखाली त्यांनी सही केली, सावकाश, पूर्ण नाव. तुमचं नाव त्यांच्या नावाच्या मध्ये येतंच.

मग मी दोन पावलं मागे सरले आणि म्हटलं, “लावा बटण.”

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. छोटा आधी लालसर झाला, मग तुमचे दोघे, हळूहळू, एकाच वेळी. मी दर पाच मिनिटांनी दोन्ही ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवून बघितला. हो, हात लावून बघितलं, हसा. कोमट होते, बास. स्पीकरमधून घरघर नाही, काही नाही. वहिनींनी रेडिओ जोडला, आणि तीस वर्षं स्वेटरच्या बाहीत झोपलेल्या तुमच्या त्या रशियनांनी तोंड उघडलं ते द्राक्षांवरच्या रोगाला कोणती फवारणी करावी हे सांगायला. शेतीचा कार्यक्रम लागला होता. वहिनी इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, आणि मग रडल्या. मी बसून होते. आवाजात दम होता, भामरे. तो माणूस या खोलीत बसून बोलतोय असं वाटत होतं. एवढं मी कबूल करते. व्हॉल्व्हच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं.

हे चार शब्द तुमच्याकडून ऐकायला बसले होते. द्यायची वेळ माझ्यावर आली.

वहिनी ॲम्प्लिफायर घेऊन जाणार आहेत मुलीकडे. कोणाला द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं, कार्यक्रम संपायच्या आतच. मी काही सांगितलं नाही. काल पोहे दोन बशा खाल्ले.

तुमची आठवण येते. हे कुठल्या रकान्यात बसत नाही, म्हणून इथे लिहिलं.

निघायच्या आधी कार्ड पुन्हा समोर घेतलं. तपासणारा, तिथे मी सही केली, कालची तारीख घातली. खाली तुम्ही पट्टीने रेघ मारून शेवटचा रकानाही आखला होता. विलंबाचं कारण. तो तुम्ही कोरा ठेवला होता. तीन फोन केलेल्या माणसाने कोरा ठेवला होता. मोघम मी कोणाचं चालवून घेतलं नाही, तेव्हा स्वतःचं कसं चालवू? पेन उघडंच होतं. लिहिलं: ‘तपासणारीला तीनदा बोलावलं. आली नाही.’